सायकलच्या काट्यातला पासंग

पॉवर मीटरचे आकडे चुकू लागले, तर दोष यंत्राचा की पायांचा, हे ठरवायचे कसे?

वसमतच्या मोंढ्यात हळदीचे पोते इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढवण्यापूर्वी जाणता शेतकरी आधी काट्याच्या आकड्याकडे नजर टाकतो. रिकाम्या काट्यावर शून्य दिसत असेल, तरच पुढचा व्यवहार. हिंगोली जिल्ह्यातील या गावाची ओळखच हळदीची आहे; ‘वसमत हळद’ या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. क्विंटलमागे हजारो रुपये मोजावे लागणाऱ्या या मालाच्या तोलात थोडासाही पासंग असला, तर वर्षभराच्या कष्टाचा हिशेब बिघडतो. म्हणूनच व्यापारातील वजने दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटे दरवर्षी पडताळून त्यांवर मुद्रांकन करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे.

या काट्याच्या पोटात जो घटक असतो, त्याचेच एक धाकटे भावंड आज शर्यतीच्या सायकलींमध्ये बसवलेले आढळते. त्याला पॉवर मीटर म्हणतात. सायकलस्वार पायडलवर किती शक्ती लावतो, हे ते वॉटमध्ये सांगते. मोंढ्यातील काट्याला निरीक्षक आहे, मुद्रा आहे, तक्रारीची सोय आहे. सायकलवरच्या या काट्याला मात्र मालकावाचून दुसरा निरीक्षक नाही. त्यामुळे हजारो रुपये खर्चून बसवलेले हे यंत्र महिनोन्महिने चुकीचे आकडे देत राहिले, तरी ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची आवड गेल्या काही वर्षांत वाढली आहे. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी, तर २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा पूर्ण केली. अशा आव्हानांची स्वप्ने पाहणारी मुले आता केवळ पुण्या-मुंबईत राहिलेली नाहीत. वसमतसारख्या तालुक्याच्या गावी राहणारा एखादा तरुण शेकडो किलोमीटर दूर असलेल्या प्रशिक्षकाला रोज आपल्या सरावाची नोंद पाठवू शकतो. प्रशिक्षकाला मुलगा दिसत नाही, त्याचा आकडा दिसतो. त्या आकड्यावरून उद्याचा सराव ठरतो आणि कधीकधी निवडही ठरते. साठ किलो वजनाचा मुलगा तासभर २४० वॉट टिकवत असेल, तर त्याची क्षमता किलोमागे ४ वॉट होते. मीटर चार टक्क्यांनी कमी दाखवत असेल, तर तीच ३.८४ वर येते. मुलगा तोच असतो, कागदावरचा खेळाडू मात्र वेगळा होतो.

मोजले जाते ते काय?

पॉवर मीटर शक्ती थेट मोजत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. ते दोन गोष्टी मोजते. पायाच्या दाबाने धातूचा भाग किती वाकला किंवा पिळला गेला, ही पहिली आणि क्रँक मिनिटाला किती फेरे घेते, ही दुसरी. पहिल्या मापावरून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर काढला जातो. दुसऱ्यावरून फिरण्याची गती कळते. या दोहोंच्या गुणाकारातून वॉटचा आकडा निघतो.

धातू वाकल्याचे कळते ते ‘स्ट्रेन गेज’ या तंतूसारख्या पातळ विद्युतरोधामुळे. तो धातूला घट्ट चिकटवलेला असतो. धातू ताणला गेला की तोही ताणला जातो, किंचित लांब आणि बारीक होतो आणि त्याचा विद्युतरोध वाढतो. एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघा अमेरिकनांनी १९३८ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा शोध लावला. रोधातील हा बदल अतिशय सूक्ष्म असतो. हजारात एखाद्या भागाएवढा, अनेकदा त्याहूनही कमी. तो टिपण्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून प्रयोगशाळांत वापरला जाणारा ‘व्हीटस्टन ब्रिज’ कामी येतो. मोंढ्यातील काट्याच्या लोड सेलमध्येही हीच रचना असते. जर्मन अभियंता उलरिश शोबरर याने १९८६ मध्ये ती सायकलच्या क्रँकमध्ये आणली आणि व्यावसायिक सायकलस्वारांच्या सरावाची पद्धतच पालटली.

आता थोडे गणित. मिनिटाला ९० फेऱ्यांच्या गतीने २०० वॉट शक्ती लावणाऱ्या स्वाराचा सरासरी टॉर्क सुमारे २१ न्यूटन-मीटर असतो. त्याच गतीला टॉर्कमधील एका न्यूटन-मीटरची चूक सुमारे साडेनऊ वॉटची होते. इतक्या नाजूक मापनात चूक शिरण्यास फार मोठ्या बिघाडाची गरज नसते, हे यावरून दिसून येईल.

चुका दोन जातींच्या

जुन्या तराजूची एक पारडे हलके आणि एक जड असले, तर त्या फरकाला पासंग म्हणत. पासंग असलेला तराजू एक किलो तोलताना जेवढा चुकतो, तेवढाच दहा किलो तोलतानाही चुकतो. दुसरा दोष म्हणजे वजनच खोटे असणे. किलोचे वजन ९७० ग्रॅमचे असेल, तर एका किलोमागे ३० ग्रॅमची आणि दहा किलोंमागे ३०० ग्रॅमची खोट येते. पॉवर मीटरच्या बहुतेक सर्व चुका या दोनपैकी एका जातीत बसतात.

पहिली शून्याची चूक. पायडलवर काहीही भार नसताना यंत्राला भार असल्याचा भास होतो. एका न्यूटन-मीटरचा पासंग असेल, तर ९० फेऱ्यांच्या गतीला २०० वॉटचे सुमारे २०९ होतात आणि ३०० चे ३०९. गती ६० फेऱ्यांवर आली, की तीच चूक साधारण सहा वॉटची उरते. म्हणजे संथ सरावात ही चूक टक्केवारीने अधिक बोचते. दुसरी प्रमाणाची चूक. तीन टक्के कमी दाखवणारे यंत्र १०० वॉटला ९७ आणि ३०० वॉटला २९१ दाखवते.

हा भेद महत्त्वाचा अशासाठी, की दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत. शून्याची चूक मालकाला घरच्या घरी काढता येते. त्यासाठी सायकल संगणकात किंवा फोनवरील अ‍ॅपमध्ये ‘झीरो ऑफसेट’ किंवा ‘कॅलिब्रेशन’ ही सोय असते. प्रमाणाची चूक मात्र या बटणाने जात नाही. बटण दाबले की यंत्र पूर्ण ‘कॅलिब्रेट’ झाले, असा समज सायकलस्वारांत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बटण फक्त पासंग काढते. खोटे वजन खरे करण्याची किमया त्यात नाही.

शून्य करतानाही काही पथ्ये पाळावी लागतात. सायकल उभी आणि स्थिर असावी. पायडलवर पाय नसावा. बूट पायडलमध्ये अडकवून शून्य केले, तर पायाचे वजनच शून्य म्हणून नोंदवले जाते. क्रँक कोणत्या स्थितीत ठेवायची, हे माहितीपत्रकात दिलेले असते. बहुधा ती उभी, खाली किंवा वर, ठेवायची असते. शून्य केल्यावर अनेक यंत्रे एक आकडा दाखवतात. त्याचे एकक प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, त्यामुळे मित्राच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्याच यंत्राचा आकडा रोज साधारण तेवढाच येतो का, हे पाहावे. महिनाभर स्थिर राहिलेला आकडा एके दिवशी एकाएकी दूर उडाला, तर काहीतरी सैल झाले, ओलावा शिरला किंवा गेज सुटू लागला, असे समजावे.

मराठवाड्याचे ऊन

थंड देशांत लिहिलेली माहितीपत्रके एका गोष्टीवर पुरेसा भर देत नाहीत. ती म्हणजे उष्मा. मे महिन्यात मराठवाड्यातला दुपारचा पारा ४० अंशांच्या वर जातो. पहाटे पाच वाजता तो पंचविशीच्या आसपास असतो. वसमतहून पहाटे नांदेडच्या किंवा औंढा नागनाथच्या रस्त्याला लागलेला स्वार दहाच्या सुमारास परततो, तेव्हा काळ्या रंगाची क्रँक उन्हाने चांगलीच तापलेली असते.

अ‍ॅल्युमिनियम एका अंशाने तापले, तर दहा लाखांत सुमारे २३ भाग प्रसरण पावते. पंधरा अंशांच्या फरकाला हे प्रसरण ३४५ भाग होते. पायाच्या दाबाने क्रँकमध्ये पडणारा ताणही साधारण याच पटीत, म्हणजे दहा लाखांत काही शे भाग असतो. याचा अर्थ असा, की ऊन आणि पाय यांत फरक करण्याची व्यवस्था नसेल, तर यंत्राला उन्हाचाच जोर भासेल. ही व्यवस्था ब्रिजच्या रचनेत आणि सॉफ्टवेअरमधील तापमान-दुरुस्तीत केलेली असते. तीमुळे बरीचशी चूक निघून जाते. तथापि क्रँकची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असली, किंवा तापमान झपाट्याने बदलत असले, तर काही अंश शिल्लक राहतोच. शिवाय तापलेल्या धातूचा ताठपणा किंचित घटतो आणि त्याच दाबाला तो थोडा अधिक वाकतो.

यावर उपाय साधा आहे. घरातली सायकल निघण्यापूर्वी वीस ते तीस मिनिटे बाहेर ठेवावी आणि धातू बाहेरच्या हवेच्या तापमानाला आल्यावर शून्य करावे. तासाभराने चहासाठी थांबल्यावर पुन्हा एकदा शून्य करावे. काही यंत्रे पायडल मारणे थांबवून सायकल नुसती धावत असताना आपोआप शून्य साधतात. पण आपल्या यंत्रात ती सोय आहे का आणि ती चालू आहे का, हे पाहून घ्यावे. फाटकाबाहेर पडता पडता घाईने केलेले शून्य हे न केल्यासारखेच होय.

सैल पायडल, ओली बॅटरी

पावसाळ्यात तक्रारींचे स्वरूप बदलते. आकडा मध्येच नाहीसा होतो, क्षणभर १,८०० वॉटवर उडी घेतो किंवा बराच वेळ एकाच ठिकाणी थिजून राहतो. अशा वेळी ताणाच्या मापनाकडे वळण्याआधी वीजपुरवठा आणि संदेशवहन तपासावे. बहुतेक यंत्रांत नाण्याच्या आकाराची बॅटरी असते, काहींत चार्ज करण्याजोगी. स्वस्तातली किंवा जुनी बॅटरी वरवर पुरेशी वाटली, तरी भार पडताच तिचा दाब कोसळतो. बॅटरीच्या झाकणाखालची रबरी कडी चिरली असेल, तर पाणी आत शिरते आणि संपर्काच्या पट्ट्या गंजतात. झाकण उघडून पट्ट्या कोरड्या कापडाने पुसाव्यात, कडी बदलावी आणि चांगल्या कंपनीची नवी बॅटरी घालावी. सायकल धुताना जोराच्या पाण्याचा फवारा क्रँकवर मारणे टाळावे.

संदेश तुटला, तर काही सायकल संगणक शेवटचा आकडाच काही सेकंद दाखवत राहतात. काही थेट शून्य नोंदवतात. दोन्हींनी सरासरी बिघडते. फोन मागच्या खिशात असेल, तर स्वाराचे शरीरच संदेशाच्या आड येते. तेच मीटर एकाच वेळी फोन आणि सायकल संगणक अशा दोघांशी जोडलेले असणे, हेही आकडा तुटण्याचे नेहमीचे कारण आहे.

यानंतर पाने हाती घ्यावा. पायडलमध्ये बसवलेले मीटर कंपनीने सांगितलेल्या जोराने आवळलेले नसेल, तर त्याचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. क्रँकमधील मीटरच्या बाबतीत क्रँकचा बोल्ट आणि चेनव्हीलचे बोल्ट महत्त्वाचे. नव्याने बसवलेले यंत्र पहिल्या काही फेरफटक्यांत धातूवर ‘बसत’ असते. म्हणून बसवल्यावर चार-दोन जोरदार धावा माराव्यात, बोल्ट पुन्हा तपासावेत आणि मग शून्य करावे. सराव आणि शर्यत यांसाठी पायडल एका सायकलवरून दुसरीवर हलवणाऱ्यांनी हे दर वेळी करावयास हवे.

फेऱ्यांची मोजणीही चुकू शकते, आणि वॉट हा गुणाकार असल्याने ती चूक जशीच्या तशी आकड्यात उतरते. नव्वदऐवजी ऐंशी फेरे मोजले गेले, तर वॉटही अकरा टक्क्यांनी उतरतात. खडबडीत रस्त्यावरील हादऱ्यांमुळे काही संवेदक गोंधळतात. तपासणी सोपी आहे. तीस सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजावे, दुपटीने गुणावे आणि पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहावे.

यंत्र बरोबर, हिशेब चुकीचा

कित्येकदा यंत्रात दोष नसतोच. त्याला दिलेली माहिती किंवा त्याच्या आकड्याचा लावलेला अर्थ चुकलेला असतो. याची चार उदाहरणे वारंवार आढळतात.

पहिले, क्रँकची लांबी. पायडलमधील मीटर जोर मोजते आणि त्याला क्रँकच्या लांबीने गुणते. क्रँक १७० मिलिमीटरची असताना १७५ नोंदवली गेली, तर सुमारे तीन टक्के जास्त शक्ती दिसते. ३०० वॉटचे जवळपास ३०९ होतात. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतर किंवा मीटर दुसऱ्या फोनला जोडल्यानंतर ही नोंद मूळ पदावर गेली नाही ना, हे पाहावे. लांबी क्रँकच्या आतल्या बाजूस कोरलेली असते.

दुसरे, एका पायाचा हिशेब. स्वस्त मीटर केवळ डाव्या क्रँकमध्ये असते आणि त्याचा आकडा दुप्पट करून दाखवला जातो. दोन्ही पाय समान काम करतात, हे यामागील गृहीतक. परंतु २५० वॉटपैकी डाव्या पायाचा वाटा ४८ टक्के असेल, तर पडद्यावर २४० दिसतात. ५२ टक्के असेल, तर २६०. डावा-उजवा वाटा दमल्यावर किंवा दुखापतीनंतर बदलूही शकतो. एका बाजूचे मीटर वापरणाऱ्याने आपलीच आपल्याशी तुलना करावी. दुसऱ्याच्या दुहेरी मीटरशी करू नये.

तिसरे, अंडाकृती चेनव्हील. वॉटचा हिशेब करताना बरीच यंत्रे फेरीभर गती एकसारखी धरतात. अंडाकृती चेनव्हीलमुळे ती फेरीच्या आत कमी-जास्त होते आणि अशी यंत्रे काही टक्के वाढीव आकडा देतात. आपले यंत्र फेरीतील गतीचा बदल जमेस धरते का, हे माहितीपत्रकात पाहावे.

चौथे, सरासरी. पायडल न मारता सायकल धावते तेव्हाचे शून्य सरासरीत धरायचे की वगळायचे, याची निवड सायकल संगणकात असते. शून्ये वगळली, की उताराच्या रस्त्यावरील सरासरी फुगते. सराव एकाच निवडीने मोजावा. शक्तीच्या सरासरीसाठी शून्ये धरणे हीच रूढ रीत आहे.

दोन काटे, दोन वजने

घरातल्या ट्रेनरवर एक आकडा आणि क्रँकवर दुसरा, ही तर नित्याची तक्रार. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. क्रँकपासून मागच्या चाकापर्यंत शक्ती पोहोचताना चेन आणि दातेरी चाके तिच्यातील साधारण दोन ते चार टक्के खातात. क्रँकवर २५० वॉट असतील, तर चाकापाशी २४० ते २४५ मिळणे हे अपेक्षितच आहे. चेन माखलेली, कोरडी असेल, तर घट आणखी वाढते. दुसरे असे, की दोन टक्क्यांपर्यंतची अचूकता सांगणारी दोन यंत्रे २५० वॉटला २४५ आणि २५५ दाखवू शकतात आणि तरीही दोन्ही आपल्या शब्दाला जागलेली असतात. म्हणून पाच-दहा वॉटच्या फरकाने अस्वस्थ होण्याचे कारण नाही. तो फरक रोज तेवढाच राहतो, की आज पाच, उद्या पंचवीस असा हलतो, हे पाहणे अधिक मोलाचे. टायर रोलरला टेकणारा ट्रेनर असेल, तर टायरमधील हवा ठरावीक ठेवून आणि दहा मिनिटे चालवून तो गरम झाल्यावरच त्याचे कॅलिब्रेशन करावे.

घाटातल्या चढावरही पडताळा घेता येतो. सायकलसह ८० किलो वजनाचा स्वार सहा टक्क्यांच्या चढावर ताशी १२ किलोमीटरने जात असेल, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याला सुमारे १५७ वॉट लागतात. रस्त्याचे घर्षण, हवा आणि चेनमधील घट धरून क्रँकवर साधारण १८० वॉट दिसावयास हवेत. तेथे १४० दिसले, तर काहीतरी चुकते आहे हे निश्चित. मात्र पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट काळ्या रानातून जाणाऱ्या रस्त्यांवर ही युक्ती चालत नाही. सपाटीवर बहुतेक शक्ती वाऱ्याशी झुंजण्यात जाते आणि वाऱ्याचा हिशेब नेमका लागत नाही. अशा भागातील स्वारासाठी खात्रीचा मार्ग एकच. तो म्हणजे वजन टांगून पाहणे.

वजन टांगून पडताळणी

ही पद्धत मोंढ्यातल्या काट्याच्या पडताळणीसारखीच आहे. आधी क्रँक मोकळी ठेवून शून्य करावे. सायकल घट्ट उभी करून मागचा ब्रेक आवळून धरावा आणि ज्या बाजूचे मीटर असेल, त्या बाजूची क्रँक पुढे, जमिनीला अगदी समांतर ठेवावी. मग पायडलच्या आसाजवळ माहीत असलेले वजन दोरीने टांगावे आणि सायकल संगणक किंवा अ‍ॅप दाखवत असलेला टॉर्क वाचावा. वजन खरे असणे ही येथे मुख्य अट. व्यायामशाळेतल्या तबकड्यांवर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नये; मुद्रांकित वजने वापरावीत किंवा टांगायची वस्तू पडताळलेल्या काट्यावर तोलून घ्यावी. या बाबतीत बाजारपेठेच्या गावात राहणाऱ्याची सोय मोठ्या शहरातील सायकलस्वारापेक्षाही चांगली आहे.

अपेक्षित टॉर्क म्हणजे किलोतील वजन गुणिले ९.८ गुणिले मीटरमधील क्रँकची लांबी. क्रँक १७२.५ मिलिमीटरची असेल, तर १० किलोंना १६.९ आणि २० किलोंना ३३.८ न्यूटन-मीटर यावेत. एका बाजूच्या मीटरमध्ये दाखवलेला आकडा आधीच दुप्पट केलेला आहे का, हे माहितीपत्रकावरून ठरवावे.

आता तीन आकडे हाती येतात. भाराविना, १० किलोंना आणि २० किलोंना. ते १, १७.९ आणि ३४.८ असे आले, तर सर्वत्र एकाचाच फरक आहे, हा पासंग. पुन्हा नीट शून्य केले की काम झाले. ते ०, १६.४ आणि ३२.८ असे आले, तर शून्य ठीक आहे, पण यंत्र तीन टक्के कमी तोलते आहे. ही प्रमाणाची चूक. काही यंत्रांत मालकाला हे प्रमाण, म्हणजे ‘स्लोप’, बदलता येते. इतरांत ते कंपनीकडे पाठवण्यावाचून गत्यंतर नसते. आणि तेच वजन तीनदा टांगल्यावर तीन निराळे आकडे आले, तर काहीतरी सैल आहे किंवा गेज निकामी होत आहे. अशा यंत्राची कोणतीही दुरुस्ती बटणाने होणार नाही.

कुरियरने पुण्या-मुंबईला पाठवलेले यंत्र परत येईपर्यंत सरावाचे आठवडे वाया जातात. ते पाठवण्याआधी हा अर्ध्या तासाचा प्रयोग केला, तर निदान कोणता दोष दुरुस्त करून हवा आहे, हे आकड्यांसह लिहून देता येते.

यंत्र की शरीर?

या साऱ्या खटाटोपाचे खरे प्रयोजन शेवटी येथे येते. सरावाचे वॉट आठवडाभर घसरत गेले, तर त्याचे कारण यंत्रात असू शकते, तसे शरीरातही असू शकते. यंत्राला दोष देऊन शरीराकडे दुर्लक्ष करणे जितके घातक, तितकेच चुकलेल्या यंत्रावर विश्वास ठेवून दमलेल्या शरीराला आणखी राबवणेही घातक. जास्त आकडा दाखवणाऱ्या मीटरवरून ‘तासभर टिकणारी शक्ती’ ठरवली, तर त्यावर बेतलेले प्रत्येक दिवसाचे लक्ष्य अवघड होते. ते गाठण्याच्या धडपडीत विश्रांती बुडते आणि तरुण खेळाडू पार थकून जातो. मग यंत्र दुरुस्त होऊन खरा, लहान आकडा दिसू लागला, की आपली प्रगती खुंटली, असे त्याला वाटते.

म्हणून वॉटकडे एकट्याने पाहू नये. त्याच्या जोडीला हृदयाचे ठोके, ओळखीच्या रस्त्याला लागलेला वेळ आणि स्वतःला जाणवलेले श्रम ही तीन साक्षीदार घ्यावेत. ठोके, वेळ आणि श्रम नेहमीसारखेच आहेत आणि फक्त वॉट उतरले आहेत, तर संशय यंत्रावर घ्यावा. वॉट तेवढेच आहेत, पण ठोके नेहमीपेक्षा बरेच वाढले आहेत, तर ऊन, पाण्याची कमतरता, अपुरी झोप किंवा अंगात मुरलेला ताप यांचा विचार करावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही स्थिती वारंवार येते. आणि वॉटही उतरले, वेळही जास्त लागला, श्रमही अधिक वाटले, तर वजन टांगून यंत्र एकदा तपासावे, टायर आणि घासणारा ब्रेक पाहावा. तेथे दोष सापडला नाही आणि चार दिवसांच्या विश्रांतीनेही फरक पडला नाही, तर वैद्यकीय तपासणी लांबणीवर टाकू नये. रक्तक्षयासारखे दुखणे प्रथम ‘पायांत जोर नाही’ याच रूपाने समोर येऊ शकते.

हे सारे आटोपशीर करायचे, तर तपासणीचा क्रम ठरलेला असावा. बॅटरी आणि संपर्क प्रथम. मग बोल्ट आणि पायडल. त्यानंतर क्रँकची लांबी आणि सरासरीची निवड. मग हवेच्या तापमानाला आलेल्या सायकलवर शून्य. आणि एवढ्यानेही शंका फिटली नाही, तर वजन. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा कशाने काय सुधारले ते कळत नाही. एका साध्या वहीत दर वेळचे शून्य, त्या दिवशीचे तापमान आणि बॅटरी बदलल्याची तारीख लिहून ठेवावी, आणि वर्षातून एकदा वजन टांगून आलेले तीन आकडेही. व्यापारी काट्याला वर्षाची मुद्रा लागते. सायकलच्या काट्याला ही वही पुरते. वही नियमित असेल, तर दूरच्या प्रशिक्षकाला पाठवलेल्या आकड्यामागे मुलाचे खरे कष्ट आहेत, एवढी ग्वाही तरी तिच्या आधारे देता येते.